न्यूयॉर्कचं घड्याळ सरकतं, घोळ इच्छापोरमध्ये होतो : डेलाइट सेव्हिंगच्या चुका कशा होतात आणि कशा टाळायच्या

इच्छापोर (सुरत) : आपल्याकडे घड्याळाचे काटे वर्षभर एकाच चालीने फिरतात. जानेवारीत सकाळचे नऊ म्हणजे नऊ आणि जूनमध्येही नऊ म्हणजे नऊच. त्यामुळे वर्षातून दोनदा अख्खा देश आपलं घड्याळ एक तास पुढे-मागे करतो, ही गोष्ट नवापूर, नंदुरबार, धुळ्याकडून सुरतेत कामाला आलेल्या माणसाला पहिल्यांदा ऐकताना थट्टाच वाटते. पण सुरत-हजीरा रस्त्यावरच्या इच्छापोरच्या जेम्स अँड ज्वेलरी पार्कमध्ये ज्यांचा व्यवहार अँटवर्प, न्यूयॉर्क किंवा इस्रायलशी आहे, त्यांच्यासाठी ही थट्टा नाही. मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने आले की मीटिंगच्या वेळा चुकतात, ऑनलाइन टेंडरची मुदत हुकते आणि काही ठिकाणी तर हजेरीच्या तासांतही गडबड होते. दोष बहुतेक वेळा माणसाचा नसतो. वेळापत्रक सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला घड्याळ सरकल्याचं कळलेलं नसतं, किंवा अर्धवट कळलेलं असतं.

आधी हिशेब समजून घेऊ

जगाची सामाईक वेळ म्हणजे यूटीसी. भारत तिच्या साडेपाच तास पुढे आहे, बारा महिने. न्यूयॉर्क हिवाळ्यात यूटीसीच्या पाच तास मागे असतं, उन्हाळ्यात चार तास. म्हणजे आपल्यात आणि न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर, उन्हाळ्यात साडेनऊ. अँटवर्पशी हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. इस्रायलशी हिवाळ्यात साडेतीन, उन्हाळ्यात अडीच.

दुबई आणि हाँगकाँगमध्ये मात्र घड्याळ हलत नाही. दुबई कायम आपल्या दीड तास मागे, हाँगकाँग कायम अडीच तास पुढे. बोत्सवानाची राजधानी गॅबोरोनही तशीच. डी बिअर्सने कच्च्या हिऱ्यांची विक्री २०१३ मध्ये लंडनहून तिथे नेली, म्हणून हे नाव सुरतेत माहीत नाही असा हिरेवाला सापडणार नाही. गॅबोरोन वर्षभर आपल्या साडेतीन तास मागे असतं. गंमत म्हणजे उन्हाळ्यात अँटवर्प आणि गॅबोरोनची वेळ एकच होते, हिवाळ्यात त्यांच्यात एक तासाचा फरक पडतो. ज्याने उन्हाळ्यात पाहून "दोन्हीकडे एकच टाइम" असं डोक्यात पक्कं केलं, तो हिवाळ्यात फसतो.

घड्याळ सरकण्याची तारीखही सगळीकडे एक नाही. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. इस्रायलमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारच्या आधीचा शुक्रवार पुढे जाण्यासाठी, मागे यायला ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. २०२६ सालापुरतं बोलायचं तर अमेरिका ८ मार्च आणि १ नोव्हेंबर, युरोप २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर, इस्रायल २७ मार्च आणि २५ ऑक्टोबर.

याचा अर्थ ८ ते २९ मार्च हे तीन आठवडे आणि २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर हा एक आठवडा फारच घोळाचा. न्यूयॉर्क आणि अँटवर्पमध्ये एरवी सहा तासांचं अंतर असतं, ते या दिवसांत पाच होतं. सुरत, अँटवर्प आणि न्यूयॉर्क असा तिघांचा कॉल असेल तर कुणीतरी एकजण हमखास तासभर आधी किंवा उशिरा येतो.

एक्सेलमधला साडेचार

सगळ्यात जास्त दिसणारी चूक सर्वात साधी आहे. ऑफिसात कुणीतरी हुशार माणूस एक्सेलची शीट बनवतो. एका रकान्यात अँटवर्पची वेळ, शेजारच्या रकान्यात त्यात साडेचार तास मिळवून भारताची वेळ. शीट डिसेंबरात बनली, म्हणून साडेचार. तीन महिने सुरळीत चालते. ज्याने बनवली तो नोकरी सोडून जातो. शीट राहते.

समजा अँटवर्पमधल्या टेंडरची मुदत तिकडच्या दुपारी तीनला संपते. हिवाळ्यात आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात. युरोपचं घड्याळ २९ मार्चला पुढे गेलं की तीच मुदत आपल्या साडेसहाला संपणार. शीट मात्र साडेसातच दाखवत राहते. सात वाजता भाव टाकायला बसलेल्या माणसाला स्क्रीनवर दिसतं की टेंडर बंद. माल गेला, आणि पुढच्या टेंडरपर्यंत कारागिरांना द्यायला त्या जातीचा कच्चा माल नाही. एक तासाची चूक अशी पंधरा दिवसांच्या कामाला लागते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. मार्चची चूक महाग पडते, ऑक्टोबर-नोव्हेंबरची स्वस्त. मार्चमध्ये परदेशी घड्याळ पुढे जातं, म्हणजे आपल्यासाठी सगळं एक तास लवकर होतं, आणि ज्याला कळलं नाही तो उशिरा पोहोचतो. शरद ऋतूत उलटं. ज्याला कळलं नाही तो तासभर आधी येऊन बसतो, दोन चहा पितो, नुकसान काही नाही. म्हणून तपासणीसाठी वर्षातून एकदाच वेळ मिळत असेल तर ती फेब्रुवारीत करावी.

एक्सेलला टाइमझोन नावाची गोष्टच कळत नाही. तो तारीख-वेळ एक आकडा म्हणून साठवतो, बस. त्यामुळे तिथे "साडेचार मिळव" हा फॉर्म्युला सुधारून भागत नाही. मार्चमध्ये साडेतीन करा, ऑक्टोबरात परत साडेचार करा, असं चालू राहतं. मुदतीची वेळ असलेलं काम एक्सेलवर ठेवू नये, कॅलेंडरमध्ये ठेवावं.

कॅलेंडरमध्येही विचारावं लागतं : वेळ कुणाची?

गूगल कॅलेंडर किंवा आउटलुकमध्ये दर सोमवारची मीटिंग टाकली की तिला टाइमझोन चिकटतो, सहसा ज्याने टाकली त्याचा. मीटिंग सुरतेच्या माणसाने भारतीय वेळेनुसार दुपारी अडीचला टाकली असेल तर ती वर्षभर आपल्याकडे अडीचलाच राहील आणि अँटवर्पवाल्यासाठी हिवाळ्यात दहा, उन्हाळ्यात अकरा होईल. अँटवर्पवाल्याने टाकली असेल तर त्याच्याकडे दहा कायम, आणि आपल्याकडे अडीचची दीड होईल. दोन्ही बरोबर आहेत. चूक तेव्हा होते जेव्हा कोणाचं घड्याळ यजमान, हे कुणी ठरवलेलंच नसतं.

साधा नियम : ज्याची वेळ बदलली तर काम अडेल त्याचं घड्याळ यजमान. टेंडर तिकडचं असेल तर तिकडचं. कारखान्याची पाळी इथली असेल तर इथलं. मीटिंग टाकताना तोच टाइमझोन निवडायचा. आणि निरोपात लिहिताना "साडेदहा तासांचा फरक" असं लिहायचं नाही, "अँटवर्पचे सकाळी १०" असं लिहायचं.

आयएसटी कोणाचा?

हिऱ्याच्या धंद्यात ही एक खास अडचण आहे. आपण इंडियन स्टँडर्ड टाइमला आयएसटी म्हणतो. इस्रायल स्टँडर्ड टाइमही आयएसटी. आयर्लंडमध्येही उन्हाळ्याच्या वेळेला आयएसटीच म्हणतात. तेल अवीवजवळच्या रमत गानच्या हिरेबाजारातल्या माणसाला "५ पीएम आयएसटी" लिहून पाठवलं तर त्याने कोणते पाच धरायचे? इस्रायलचे पाच धरले तर आपले रात्रीचे साडेआठ होतात.

माणूस निदान फोन करून विचारतो, सॉफ्टवेअर विचारत नाही. पोस्टग्रेस्क्यूएल हा जगभर वापरला जाणारा डेटाबेस आहे. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये आयएसटी ही अक्षरं इस्रायलची धरलेली आहेत. भारतीय अर्थ हवा असेल तर त्यासाठी वेगळी यादी दिलेली आहे, ती निवडावी लागते. ज्याला हे माहीत नाही त्याचा प्रोग्राम साडेतीन तासांनी चुकतो आणि कुठेही एरर दाखवत नाही.

तसंच ईएसटीचं. अमेरिकेतले लोकही जुलै महिन्यात सवयीने ईएसटी लिहितात, खरं तर तेव्हा ईडीटी चालू असतो. सॉफ्टवेअरने ते अक्षरशः खरं धरलं की एक तास गेला. म्हणून तीन अक्षरी नावं मुळात वापरूच नयेत. शहराच्या नावाने टाइमझोन लिहायची पद्धत आहे : एशिया/कोलकाता, अमेरिका/न्यूयॉर्क, युरोप/ब्रसेल्स, एशिया/जेरुसलेम. अँटवर्प ब्रसेल्समध्ये मोडतं. या नावामागे त्या ठिकाणच्या घड्याळाचा पूर्ण इतिहास आणि नियम जोडलेले असतात, कधी पुढे गेलं, कधी मागे आलं, सगळं.

ही यादी म्हणजे टाइमझोन डेटाबेस. ऑर्थर डेव्हिड ओल्सन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८० च्या दशकात ती सुरू केली, पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळली. आज जगभरातले बहुतेक फोन, सर्व्हर आणि वेबसाइट त्यावरच चालतात. विंडोजची स्वतःची वेगळी नावं आहेत, त्यामुळे विंडोजवरचा प्रोग्राम आणि लिनक्सचा सर्व्हर एकमेकांशी बोलताना नावांची जुळणी करावी लागते. तिथेही चुका लपतात.

रविवारची हजेरी आणि गायब झालेला तास

मुदत हुकली तर मालकाचं नुकसान. आता कामगाराचं पाहू, कारण ही चूक कुणाच्या लक्षातच येत नाही.

हजेरीचं ॲप भाड्याने घेतलेल्या परदेशी सर्व्हरवर चालतं आणि सर्व्हर न्यूयॉर्कच्या वेळेवर लावलेला आहे असं समजा. ॲप पंच-इन आणि पंच-आउटची सर्व्हरची स्थानिक वेळ नोंदवतं आणि एकातून दुसरी वजा करून तास काढतं. रविवार १ नोव्हेंबर २०२६. एक कामगार ओव्हरटाइमला सकाळी नऊला आला आणि संध्याकाळी सहाला गेला. नऊ तास. न्यूयॉर्कमध्ये तो आला तेव्हा शनिवारचे रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि गेला तेव्हा रविवारचे सकाळचे साडेसात. वजाबाकी करा : आठ तास. मधला एक तास तिकडचं घड्याळ मागे आल्यामुळे गायब. (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ते आपल्या सकाळी साडेअकराला मागे येतं, म्हणजे नेमकं कामाच्या वेळेत.)

ओव्हरटाइमचा दर दुप्पट. म्हणजे त्या माणसाची दोन तासांची मजुरी गेली आणि पगारपत्रकावर आकडा इतका साळसूद की कुणी विचारणारही नाही. ८ मार्चच्या रविवारी उलटं होतं, त्याच नऊ तासांचे दहा दिसतात, तेव्हा मालकाच्या खिशातून जातं. खतावणीत एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूने फिटली असं म्हणता येत नाही. मार्चमध्ये आलेला माणूस नोव्हेंबरात असेलच असं नाही.

उपाय सोपा आहे. झालेल्या घटनेची नोंद यूटीसीमध्ये ठेवायची आणि वजाबाकीही यूटीसीमध्येच करायची. दाखवताना काय ते भारतीय वेळेत दाखवायचं. यूटीसी कधी पुढे-मागे सरकत नाही.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीही हे पाहावं. न्यू जर्सीत किंवा शिकागोत रात्रपाळी करणाऱ्या नर्सची रात्री दहा ते सकाळी सहाची पाळी नोव्हेंबरातल्या त्या रात्री आठ नाही, नऊ तासांची असते आणि अमेरिकेच्या कायद्याने प्रत्यक्ष काम केलेले नऊ तास धरायचे असतात. मार्चमध्ये तीच पाळी सात तासांची.

"सगळं यूटीसीत टाका" हा अर्धाच सल्ला

वरचं वाचून कुणी म्हणेल, मग सगळंच यूटीसीत ठेवा, प्रश्न मिटला. बरेच प्रोग्रामर हेच सांगतात. झालेल्या गोष्टींसाठी ते बरोबर आहे. पुढे व्हायच्या गोष्टींसाठी नाही.

अँटवर्पची दर सोमवारची दहाची मीटिंग जानेवारीत यूटीसीमध्ये बदलून "०९:००" अशी साठवली, तर एप्रिलमध्ये ती अँटवर्पच्या अकराला वाजेल. सुरतेत मात्र घंटी नेहमीप्रमाणे अडीचलाच वाजते, त्यामुळे इथल्या माणसाला शंकाही येत नाही. पुढच्या कामासाठी स्थानिक वेळ आणि शहराचं नाव, दोन्ही साठवावं लागतं : "दर सोमवारी १०:००, युरोप/ब्रसेल्स". यूटीसीचा आकडा वेळ जवळ आल्यावर काढायचा.

याला दुसरंही कारण आहे. नियम सरकार बदलतं. अमेरिकेने २००७ पासून डेलाइट सेव्हिंगचा काळ वाढवला, तेव्हा जगभरच्या आयटी विभागांना सर्व्हर आणि कॅलेंडर दुरुस्त करत बसावं लागलं होतं. रशियाने २०११ मध्ये घड्याळ कायम पुढे ठेवलं, २०१४ मध्ये कायम मागे घेतलं. तुर्कस्तानने २०१६ मध्ये, मेक्सिकोच्या बहुतेक भागाने २०२२ मध्ये ही पद्धत बंद केली. इजिप्तने बंद केलेली २०२३ मध्ये परत सुरू केली. त्याच वर्षी लेबनॉनच्या सरकारने मार्चमध्ये अगदी दोन-तीन दिवस आधी बदल पुढे ढकलला. काहींनी मानलं, काहींनी नाही, आणि काही दिवस बैरुतमध्ये दोन वेळा चालल्या. शेवटी निर्णय मागे घ्यावा लागला. अमेरिकेच्या सिनेटने मार्च २०२२ मध्ये कायम उन्हाळी वेळ ठेवण्याचं विधेयक मंजूर केलं, त्याचा कायदा झाला नाही. युरोपच्या संसदेने २०१९ मध्ये ही पद्धत बंद करण्याच्या बाजूने मत दिलं, तेही अडकलं.

म्हणजे "मार्चचा दुसरा रविवार" हे प्रोग्राममध्ये हाताने लिहून ठेवणं धोक्याचं. नियम डेटाबेसमधून यावा आणि तो डेटाबेस अपडेट होत राहावा. अपडेट बंद झालेला जुना फोन किंवा सहा वर्षं कुणी हात न लावलेला सर्व्हर इथेच मार खातो.

अडीच कधी वाजतच नाहीत

रात्री आपोआप चालणारी कामं, म्हणजे बॅकअप, स्टॉकची यादी, बिलांचे ईमेल, ही सहसा रात्री दोन-अडीचला लावलेली असतात, कारण तेव्हा गर्दी नसते. न्यूयॉर्कच्या वेळेवर चालणाऱ्या सर्व्हरवर मार्चच्या त्या रविवारी दोनचे थेट तीन होतात. अडीच वाजतच नाहीत. मग अडीचचं काम काय करणार? काही प्रोग्राम ते गाळतात, काही तीनला उरकतात. नोव्हेंबरात एक ते दोन हा तास दोनदा येतो, तेव्हा दीडचं काम दोनदा चालू शकतं. बॅकअप दोनदा झाला तर काही बिघडत नाही. ग्राहकाला एकच बिल दोनदा गेलं, किंवा पेमेंट दोनदा निघालं, तर बिघडतं.

यावर उपाय : अशी कामं यूटीसीवर किंवा भारतीय वेळेवर लावावीत, निदान स्थानिक एक ते तीनच्या बाहेर. पैशाच्या कामाला प्रत्येक व्यवहाराचा नंबर असावा आणि तो नंबर आधी झाला असेल तर प्रोग्रामने दुसऱ्यांदा करू नये. व्हाउचर नंबर दोनदा चढू नये हे कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात, इथेही तेच लागू पडतं.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. २०१० च्या शरदात युरोपचं घड्याळ मागे आलं तेव्हा अनेकांच्या आयफोनचे रोजचे अलार्म एक तास उशिरा वाजले आणि लोक कामाला उशिरा पोहोचले.

आपल्याकडे हे नाही, असं कसं म्हणणार?

इच्छापोरला परदेशी गिऱ्हाईक आहे, पण जळगावच्या सराफालाही हे लागतंच. एमसीएक्सवर सोन्या-चांदीचे सौदे रात्री कधी बंद होतात? अमेरिकेत उन्हाळी वेळ असेल तर साडेअकराला, नसेल तर अकरा पंचावन्नला. भारतात घड्याळ न हलवता भारताचा बाजार हलतो. अमेरिकेचा शेअर बाजारही आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सातला आणि हिवाळ्यात आठला उघडतो. विमानांचं उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, ते युरोपच्या घड्याळाच्याच तारखांना.

शिवाय हा देश एकेकाळी घड्याळ सरकवून बसलेला आहे. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागे असलेली "मुंबई वेळ" जवळजवळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. "मुंबई टाइम की स्टँडर्ड टाइम" हे विचारल्याशिवाय भेट ठरत नसे. आणि दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात सगळ्या देशाचं घड्याळ एक तास पुढे होतं. जुने ज्योतिषी त्या काळातल्या जन्माची कुंडली मांडताना न चुकता एक तास वजा करतात. एशिया/कोलकाता या नावामागच्या नोंदीतही तो काळ नमूद आहे. कुंडलीचं स्वस्तातलं ॲप ते पाळतं की नाही, हे १९४३ चा जन्म टाकून बघता येईल. लग्न रास बदलायला एक तास पुष्कळ होतो.

सॉफ्टवेअरवाल्याला काय विचारायचं

नवं सॉफ्टवेअर घेताना किंवा वार्षिक मेंटेनन्सचे पैसे देताना चार प्रश्न विचारावेत. सर्व्हर कोणत्या टाइमझोनवर आहे? हजेरी आणि व्यवहाराच्या नोंदी यूटीसीत साठतात का? पुढच्या मीटिंग आणि मुदती शहराच्या नावासकट साठतात का? टाइमझोन डेटाबेस शेवटचा कधी अपडेट केला? "आमचं सगळं ऑटोमॅटिक आहे" हे उत्तर नाही.

मग त्याला समोर बसवून चाचणी घ्यावी. चालू सिस्टिमवर नाही, वेगळ्या टेस्ट कॉपीवर. घड्याळ ७ मार्च २०२६ ला नेऊन दोन दिवस पुढे जाऊ द्यावं, तसंच २८ मार्च, २४ ऑक्टोबर आणि ३१ ऑक्टोबरला. प्रत्येक वेळी एक मीटिंग, एक टेंडरची मुदत आणि एक रविवारची नऊ तासांची हजेरी टाकावी आणि आकडे कागदावर हाताने काढलेल्या उत्तराशी ताडून पाहावेत. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक गोष्ट आजच बघता येईल. काहीजण वेळ चुकीची दिसली की टाइमझोन न तपासता सरळ घड्याळाचे आकडे हाताने बदलतात. स्क्रीनवर वेळ बरोबर दिसते, पण आतला टाइमझोन तिसराच असतो आणि तिथून जाणारा प्रत्येक ईमेल व प्रत्येक मीटिंग चुकीच्या वेळेची जाते. सेटिंगमध्ये जाऊन टाइमझोन "चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली" आहे का ते पाहावं आणि वेळ आपोआप घेण्याचं बटण चालू ठेवावं.